सरावाचं घर

८ जानेवारी

मामा,

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि आपण दोघंही "बरं, बरं" असं ओरडून फोन ठेवून देतो, म्हणून हे पत्र. गोष्ट बसून सांगण्यासारखी आहे.

आईचं घर विकलं गेलं, हे दादाने कळवलं असेलच. माझा वाटा बँकेत येऊन पडलाय. दादा म्हणतो, माझ्या ओळखीच्या माणसाकडे दे, दुप्पट करून देतो. बँकेतली मुलगी म्हणते, मुदत ठेव करा. आमच्या दुकानाचे मालक म्हणतात, एखादं छोटं घर घेऊन भाड्याने लावा, म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला हातात काही येत राहील. मला मालकांचं पटतंय. पन्नाशी दारात आली, पेन्शन नाही, मागे कुणी नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. माझे स्वतःचे शाबूत आहेत तोवर पगार. हे पैसे एकदाच आलेत. बुडाले तर पुन्हा येणार नाहीत.

पण घर कसं घेतात यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले, तेही मालकिणीने दाखवलेली पहिलीच खोली बरी म्हणून. तुम्ही उभा जन्म घरांची दलाली केलीत. मला अगदी पहिलीच्या वर्गापासून शिकवाल?

तुमची भाची

१९ जानेवारी

प्रिय चष्मेबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच उभा होतो. पोस्टमन म्हणाला, बिलाशिवाय काही आलंय तुमच्याकडे, बघा तरी. बघितलं.

दादाच्या ओळखीच्या माणसाला माझा नमस्कार सांग आणि पैसे देऊ नकोस. खरा मामा मी जिवंत असताना दुसऱ्या कुणी तुला मामा बनवण्याचं कारण नाही.

आता धडा पहिला. राहायचं घर वेगळं आणि भाड्याचं घर वेगळं. राहायच्या घरात आपल्याला खिडकी आवडते, झाड आवडतं. भाड्याच्या घरात आपल्याला काहीच आवडायचं नाही. तिथे राहणाऱ्याला कामावर जायला वाहन जवळ आहे का, पाणी वेळेवर येतं का, जिन्यात दिवा आहे का, एवढंच बघायचं. नवशिके इथेच घसरतात. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. तू दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचं बघतेस, म्हणजे तुला जमेल.

धडा दुसरा. हिशेब करताना वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं कधीच धरायचं नाही. एक-दोन महिने घर रिकामं राहणार, एकदा रंग लागणार, एकदा नळ गळणार, इमारतीची वर्गणी आणि घरपट्टी आहेच. ते सगळं वजा करून जे उरेल ते बँकेच्या व्याजाशेजारी ठेवून बघ. जेमतेम तेवढंच असेल तर त्या बँकेतल्या मुलीचं ऐक आणि घरी झोप. आणि सगळे पैसे घरात घालू नकोस. थोडे बाजूला ठेव. पाइप फुटताना विचारून फुटत नाही.

धडा तिसरा, आणि हाच खरा. एक घर घ्यायचं तर आधी भरपूर बघायची. घाई करायची नाही. दर रविवारी बघ आणि मला लिही. घरात शिरलीस की कपाटं उघडून वास घे. एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का, ते विचार. जिन्यातला फलक वाच, वर्गणी कोण थकवतं आणि कोण कुणाशी भांडतं ते सगळं तिथे चिकटवलेलं असतं. खालच्या दुकानदाराकडून काहीतरी विकत घे आणि बोल. आणि विकणाऱ्याला विचार की का विकताय. हे एकदा विचारायचं नाही, दर भेटीत विचारायचं.

सविस्तर लिही. दोन ओळींची पत्रं मला चालणार नाहीत.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

सांगितलंत तसं करतेय. मला एक दलाल मिळालाय, तरुण, बारीक, आणि डोक्यावर कायम गॉगल. डोळ्यांवर कधीच नाही. मी त्याला म्हटलं, नंबर काढून देऊ का फुकट? तर म्हणतो, "मॅडम, मला सगळं स्पष्ट दिसतं, फक्त गिऱ्हाईक दिसत नाही." त्याला मी गॉगल म्हणते.

पहिलं घर नव्या इमारतीत. लिफ्ट, आरसे, सगळं चकाचक. कपाट उघडलं तर ओल्या चादरीचा वास. दुसरं स्टेशनजवळ, पण फलकावर पाणीपट्टीची नोटीस आणि तिच्याखाली कुणीतरी पेनाने शिवी लिहिलेली. दोन्हींना फुली मारली. माझी मलाच गंमत वाटली.

तिसरं घर मात्र बरं वाटलं. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मालकीण एकटीच राहते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, आता निवृत्त. आवाज असा, की वाटतं आत्ता म्हणेल, "थांबा, जोडून देते." एकेक खोली, एकेक खिडकी उघडून दाखवली. कुठल्या महिन्यात ऊन कुठवर येतं तेसुद्धा सांगितलं. मग म्हणाली, "बसा ना, घर काही पळत नाही." चहा केला. गॉगल दोनदा घड्याळ बघून निघून गेला, मी बसले. का विकताय विचारलं, तर म्हणाली, बहिणीकडे राहायला जायचंय.

मामा, मला इथे येऊन इतकी वर्षं झाली. या शहरात कुणाच्या घरात बसून चहा पिण्याची माझी ही पहिलीच वेळ असावी. दुकानात लोकांच्या इतकी जवळ जाते की त्यांच्या पापण्या मोजता येतील. "ही काच बरी की ही?" विचारते. पण नंतर ते रस्त्यात भेटले तर ओळखत नाहीत. अंधारात तपासलेलं असतं ना.

भाची

२७ फेब्रुवारी

प्रिय चष्मेबाई,

पत्र उत्तम. विशेषतः ओल्या चादरीचा वास. धंद्यात असतीस तर मला उपाशी मारलं असतंस.

ऑपरेटरबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा तू उल्लेख केला नाहीस, म्हणजे नसणार. भाडं कमी येईल. पण जुन्या इमारतीच्या भिंती जाड असतात, भाडेकरू टिकतो. पुन्हा जा. कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, एखादा अवकाळी पाऊस झाला तर त्यानंतर जा. तोवर बाकीची घरंही बघत राहा. हातात एकच घर असलं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो.

इकडे ठीक. तुझी मामी गेल्यापासून पुढची खोली बंदच असते, ती उघडून टेबल साफ केलं. पत्र लिहायला जागा लागते.

मामा

६ एप्रिल

मामा,

उशीर झाला, पण रविवार कमी पडतात! ऑपरेटरबाईंकडे चार-पाचदा जाऊन आले. पावसानंतरही गेले; भिंती कोरड्या. वरच्या मजल्यावरचा नळ उघडायला लावून बघितलं, तरी यांच्याकडे पाण्याला जोर आहे. तुमच्या पद्धतीने हिशेब केला, बँकेपेक्षा बरं निघतंय. किमतीवरही बोललो. मी थोडी किंमत वाढवली, त्या म्हणाल्या, "बघू, पुढच्या रविवारी बोलू." पुढच्या रविवारी पुन्हा, "बघू." पक्क्या आहेत हो व्यवहाराला.

का विकताय, हेही दर वेळी विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गुडघ्यांना जिना झेपत नाही. परवा म्हणाल्या, एकटीला दोन खोल्या मोठ्या होतात. बहिणीचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "कुठली बहीण?" आणि मग हसल्या, "हां, ती. ती आता तिच्या मुलाकडे गेली."

दुसरंही एक घर आहे. गॉगल म्हणतो, आठवड्याभरात सांगा नाहीतर जाईल. बेकरीच्या वर एक खोली आणि स्वयंपाकघर. आत एक शिक्षक बरीच वर्षं भाड्याने राहतोय आणि त्याला तिथेच राहायचंय, म्हणजे पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू. भट्टी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, घराखाली फक्त दुकान. कागद मी स्वतःच्या वकिलाला दाखवले, त्याने हो म्हटलंय. किंमतही आवाक्यात, वर पाइप फुटण्यापुरते पैसे उरतात. घर अगदी साधं आहे. शिक्षकाने दार उघडलं, दाखवलं, बंद केलं. पाच मिनिटांचं काम.

तुम्ही म्हणाल तसं करते. तुमचं पत्र येईपर्यंत गॉगलला थोपवून धरते.

भाची

१४ एप्रिल

प्रिय चष्मेबाई,

बेकरीवरचं घर सोड. बेकरीवर राहणं म्हणजे तव्यावर राहणं. भट्टीची धग वर येते, उन्हाळ्यात तुझा शिक्षक पळून जाईल आणि मग कुणी फिरकणार नाही. शिवाय मुंग्या आणि उंदीर. आयता भाडेकरू म्हटलं की नवशिक्याला घबाड वाटतं. जाऊ दे ते. घरं खूप आहेत, बघत राहा.

ऑपरेटरबाईंबद्दल. एकाच प्रश्नाला तीन उत्तरं म्हणजे एकही उत्तर नाही. तोंडी बोलण्यात वर्ष जाईल. यावर एक उपाय आहे. लेखी देकार दे. किंमत लिही, इसाराची आगाऊ रक्कम किती देणार ते लिही, आणि खाली तारीख टाक, की या तारखेपर्यंत कळवावे, त्यानंतर हा देकार रद्द. तारखेने माणूस खरं बोलतो. विकायचं असेल तर सही करेल.

पुढे काय झालं ते लगेच लिही. मी वाट बघतोय.

मामा

२ जून

मामा,

लगेच लिहिलं नाही, कारण राग आला होता. अजून आहे.

देकार लिहिला. चांगल्या कागदावर, दोनदा उतरवून. रविवारी नेऊन दिला. ऑपरेटरबाईंनी उभ्यानेच वाचला. खालच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय?" मी म्हटलं, "मुदत. माझे मामा म्हणतात, घालावी लागते." त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "विचार करते हं." चहा झाला नाही. पुढच्या रविवारी गेले, तर दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. मी बेल वाजवली, तसा रेडिओ बंद झाला. मी जिन्यात बराच वेळ उभी राहिले, आणि मला खात्री आहे की दाराच्या पलीकडे त्याही उभ्या होत्या.

गॉगलला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "मॅडम, ती बाई? ती आमच्या मागच्या साहेबांच्या काळापासून विकतेय! ते आमचं सरावाचं घर आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तिकडे न्यायचं. बाई छान दाखवते, गिऱ्हाइकाला घर बघायची सवय होते, मग खरं घर दाखवायचं. तुम्हाला कळलं नाही? मला वाटलं, तुम्हीपण टाइमपास करताय."

मी म्हटलं, "मी टाइमपास करत नव्हते." तो म्हणाला, "मग बेकरी का सोडली?"

मामा, मी तिथून निघाले. घरी येऊन तुमची सगळी पत्रं काढून वाचली. मी लिहिलं होतं की भट्टी मागच्या शेडमध्ये आहे, घराखाली नाही. तरी तुम्ही लिहिलंत, धग वर येते. तुम्ही ते वाचलं नाहीत? तुम्ही तर ओल्या चादरीचा वाससुद्धा लक्षात ठेवता. आणि त्या बाईंना विकायचं नाही, हे दुसऱ्या खेपेलाच तुमच्या ध्यानात आलं असणार. जन्म गेला तुमचा यात. मग मला पुन्हा जा, पुन्हा जा, का म्हणत राहिलात?

बेकरीवरचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. शिक्षक तिथेच आहे. मी खालून पाव घेतला तेव्हा तो जिना उतरत होता, घाम वगैरे काही आलेला नव्हता.

सरळ उत्तर द्या. शिकवू नका.

भाची

११ जुलै

भाची,

सरळ उत्तर मागितलंस, म्हणून इतके दिवस लागले.

बेकरीवरचं घर चांगलं होतं. तू लिहिलेलं मी नीट वाचलं होतं. इतकं चांगलं घर नवशिक्याला सहसा मिळत नाही. मी धंद्यात असतो तर तुला हाताला धरून सहीला बसवलं असतं. पत्र वाचलं त्या दिवशी पहिलं उत्तर तसंच लिहिलं होतं. "घे, आजच घे." मग पाकीट चिकटवताना वाटलं, हे हिला मिळालं की झालं. आपल्या धंद्यात सही झाली की गिऱ्हाईक पुन्हा दिसत नाही. सहा-सहा महिने रोज बरोबर हिंडलेली माणसं, किल्ली घेतली की रस्त्यात ओळख देत नाहीत. त्यांची चूक नसते. त्यांचं काम झालेलं असतं.

ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. धग, मुंग्या, उंदीर. लिहिताना मला बरं वाटत होतं, तेही सांगून टाकतो.

ऑपरेटरबाईंचं मला पहिल्या चहालाच कळलं. ऊन कुठल्या महिन्यात कुठवर येतं हे सांगणारा माणूस घर विकत नसतो. तुला सांगितलं नाही, कारण त्या घरापासून तुझी पत्रं लांबलचक व्हायला लागली होती. आणि मुदत घाल म्हटलं, ते मात्र मला त्या बाईंचा हेवा वाटला म्हणून. तू रविवारी त्यांच्याकडे बसत होतीस आणि मला महिन्याने लिहीत होतीस.

तुझं नुकसान झालं. मी ते भरून देऊ शकत नाही. यापुढे मला विचारू नकोस. तुला सगळं येतं. वकील चांगला निवडलास, हिशेब चोख करतेस, नाकही तिखट आहे. पुढचं घर बघशील तेव्हा माझं मत घेऊ नकोस, त्या दिवशीच इसार दे.

मामा

२३ ऑक्टोबर

मामा,

घर घेतलं. तुम्हाला विचारलं नाही.

बेकरीवरच्यापेक्षा महाग पडलं आणि थोडं लांब आहे. दवाखान्यामागच्या गल्लीत, तळमजला, एक खोली. आत दोन परिचारिका राहतात, एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. करार वकिलाने बघितला, त्यांची अनामत माझ्या नावावर फिरवून घेतली, बाजूला ठेवायचे ते पैसे ठेवले. घरात मला काहीही आवडलं नाही, म्हणजे धडा पहिला पाळला. पहिलं भाडं बँकेत जमा झालं. मुली माझ्याशी बोलत नाहीत, बोलण्याचं काही कारणही नाही. म्हातारपणाची थोडीफार सोय झाली. त्या रात्री चांगली झोप लागली, हे खरं.

पण नंतरचा रविवार आला आणि कळेना काय करावं. बघायला घर नव्हतं. चालत चालत ऑपरेटरबाईंच्या गल्लीत गेले. गॉगल एका नव्या जोडप्याला घेऊन जिना चढत होता. वर खिडकी उघडी होती आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, "या ना, या." मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले. खिडकी दाखवताना त्यांना मी दिसले. त्यांनी हात केला नाही, पण आतही वळल्या नाहीत. त्या जोडप्याला ऊन कुठवर येतं ते सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. वर जावंसं वाटलं. पण जाऊन सांगणार काय? घेणारी म्हणून त्या मला आत घेत होत्या. आता मी घेणारी राहिले नव्हते.

घरी येऊन तुमचं जुलैचं पत्र पुन्हा वाचलं. राग होताच. मग माझीही पत्रं आठवून बघितली. कपाटं, नळ, भिंती, फलक, गॉगल. तुम्हाला मी एकाही पत्रात विचारलं नाही, की मामा, तुम्ही कसे आहात. एकदाही नाही. माझं काम होतं आणि मी तुमच्याशी कामापुरतं बोलत होते. तुम्ही ज्या गिऱ्हाइकांबद्दल लिहिलंत, त्यांच्यातलीच मी.

राग गेलाय असं म्हणणार नाही. बेकरीवरून जाताना अजून येतो. पण घराचं सगळं उरकलंय, तुम्हाला विचारावं असं माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही, आणि तरी हे पत्र लिहितेय, हे बघा.

सकाळी किती वाजता उठता? स्वयंपाक तुम्हीच करता की कुणी येतं? मामी गेल्यावर ती पुढची खोली बंद का केली होतीत? दुपारी काय करता? सविस्तर लिहा. दोन ओळींची पत्रं मलाही चालणार नाहीत.

तुमची भाची